एक कमी आहे, सर

सर्जनसाहेबांना पाठीमागे अख्खं हॉस्पिटल ‘कुकर’ म्हणायचं, आणि हे ठाऊक नसलेला हॉस्पिटलात एकच माणूस होता, तो म्हणजे स्वतः कुकर. सकाळी ऑपरेशन थिएटरच्या दारात एक सिस्टर दुसरीला विचारायची, ‘‘किती झाल्या?’’ दुसरी गुपचूप दोन बोटं दाखवायची. म्हणजे साहेबांच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या. तिसरीला कुणीतरी डोळे पुसत बाहेर येतं, असा आजवरचा अनुभव होता.

हात मात्र सोन्याचा. बाकीच्यांनी हात टेकले की रोगी त्यांच्याकडे यायचा आणि बहुतेक वेळा चालत घरी जायचा. साहेबांना स्वतःलाही हे माहीत होतं, गरजेपेक्षा जरा जास्तच माहीत होतं. ज्याचे हात चालतात त्याचं तोंड चाललं तर बिघडलं कुठे, असं त्यांचं सरळ मत होतं.

बिघडलं ते असं की एका वर्षात तीन सिस्टरांनी थिएटरमधून बदली मागितली. चौथी, नुकतीच आलेली नवी सिस्टर, बदली मागायलाही घाबरत होती. एके दिवशी तिने चुकीचा चिमटा पुढे केला. साहेबांनी तो भिंतीवर फेकला आणि म्हणाले, ‘‘तुला इथे कुणी पाठवलं? घरी जाऊन भांडी घास.’’ त्या दिवशी ड्यूटी संपली तरी ती घरी निघाली नाही. कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून राहिली. थिएटरमधल्या सगळ्यात जुन्या, मोठ्या सिस्टरांनी तिला शोधून काढलं, हाताला धरून बसपर्यंत सोडलं आणि दुसऱ्या दिवशी अधीक्षकांच्या केबिनमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. त्या काय बोलल्या ते कुणाला कळलं नाही. पण संध्याकाळी साहेबांना बोलावणं आलं.

अधीक्षक मऊ स्वभावाचे. त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं आणि एका बोटाने पुढे सरकवलं. ‘‘गुरुवार-शुक्रवार दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे. संवादकौशल्य आणि कामावरचा राग. शेवटी शिकवणाऱ्या बाई अभिप्राय देतील. तो बरा आला नाही तर सोमवारपासून तुमची ऑपरेशनं बंद.’’

‘‘म्हणजे या वयात मला बोलायला शिकवणार?’’

‘‘नाही, बोलता तुम्ही भरपूर,’’ अधीक्षक म्हणाले आणि आपल्याच धिटाईला दचकून त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

साहेबांचं घर, गाडी, मानमरातब सगळं गेलं असतं तरी ते एक वेळ हसून बोलले असते. पण ऑपरेशन बंद म्हणजे त्यांच्यापुरता श्वास बंद. म्हणून गुरुवारी सकाळी ते नऊला पाच मिनिटं असताना तिसऱ्या मजल्यावर हजर झाले. तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं होतं.

खोली पूर्वी जुने केसपेपर ठेवायची होती. रॅक हलवले तरी कागदाचा वास गेला नव्हता. गोल मांडलेल्या चौदा खुर्च्या, खिडकीशी चहाची किटली आणि मधोमध प्रशिक्षणाच्या बाई. बुटक्या, चष्मा दोरीने गळ्यात, आणि आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. साहेबांना वाटलं, ही मला काय शिकवणार.

‘‘मी वीस वर्षं लहान मुलांची डॉक्टर होते,’’ बाई म्हणाल्या. ‘‘एकदा एका मुलाच्या बापाच्या अंगावर मी फाइल फेकली. त्याचं काही चुकलं नव्हतं. मी दमले होते. मूल बरं झालं, पण तो बाप पुन्हा कुठल्याच डॉक्टरकडे वेळेवर गेला नाही. दुसऱ्या मुलाला घेऊन आला तेव्हा उशीर झाला होता. म्हणून मी आता हे काम करते.’’ पुढे त्यांनी एवढंच विचारलं, चहा आधी घ्यायचा की नंतर.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना स्वतःच्या नाडीवर बोट ठेवायला लावलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांची तक्रारपत्रं वाचायला घेतली, अगदी बाजाराची यादी वाचावी तशी. ‘‘डॉक्टरांनी माझ्या आईकडे बघितलंसुद्धा नाही, मोबाइलकडे बघितलं,’’ असलं एकेक. साहेबांची नाडी सुरुवातीला शहात्तर होती. तिसऱ्या पत्राला एकशे चार. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण अगदी शांत बसलो आहोत.

‘‘आपल्याला राग आलाय हे आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आधी नाडीला कळतं, मग समोरच्याला. तुम्ही सगळे दिवसभर दुसऱ्यांची नाडी बघता. थोडी स्वतःची बघा, एवढंच माझं म्हणणं.’’

दुपारी त्यांनी लिफ्टमनला बोलावून रोगी म्हणून बसवलं आणि साहेबांना सांगितलं, याला पित्ताशयाचं ऑपरेशन समजावून सांगा. साहेबांनी चार मिनिटं झकास व्याख्यान दिलं आणि विचारलं, ‘‘समजलं?’’

‘‘समजलं साहेब.’’

‘‘काय समजलं?’’ बाईंनी विचारलं.

लिफ्टमनने टोपी काढून डोकं खाजवलं. ‘‘साहेब फार हुशार आहेत, हे समजलं.’’

बाकीचे तेरा डॉक्टर पोट धरून हसले. साहेबही हसले, पण थोडं उशिरा.

दुसऱ्या दिवसासाठी बाईंनी एक अट घातली होती. प्रत्येकाने आपल्याबरोबर काम करणारं एक माणूस आणायचं. साहेबांनी थिएटरमध्ये जाऊन विचारलं तर सगळ्यांना एकाएकी कामं निघाली. भूलतज्ज्ञ तर त्यांचे कॉलेजपासूनचे मित्र. तेही म्हणाले, ‘‘मी तुझ्या रोग्यांना झोपवतो ते पुरे नाही का? मला कशाला जागं ठेवतोस?’’ शेवटी मोठ्या सिस्टर म्हणाल्या, ‘‘मी येते सर. तसंही शनिवारी निवृत्त होतेय. जाता जाता तेवढंच.’’

मोठ्या सिस्टर अठरा वर्षं साहेबांच्या टेबलाशी उभ्या होत्या. कामाला वाघ, बोलायला कमी. खोड एकच. हातातून वस्तू पडायच्या. ऐन मोक्याला औजारांचा ट्रे खण्णकन फरशीवर आणि साहेब कडाडायचे, ‘‘सिस्टर, हाताला लोणी लावून येता का?’’ हा थिएटरातला जुना विनोद होता. नव्या मुलींनाही पहिल्याच आठवड्यात सांगितला जायचा.

शुक्रवारी बाईंनी जागांची अदलाबदल केली. मोठ्या सिस्टर सर्जन झाल्या, साहेब नवी सिस्टर. मधल्या टेबलावर उशी ठेवली, तो रोगी. बाईंनी साहेबांच्या हातात चिठ्ठी दिली. ऑपरेशनमध्ये पोटातलं रक्त टिपायला कापडी चौकोन वापरतात, त्यांना मॉप म्हणतात. पोट शिवण्याआधी सिस्टरने ते मोजायचे असतात, कारण एक जरी आत राहिला तर माणूस जिवाला मुकू शकतो. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘एक मॉप कमी आहे. सर्जनला सांगा.’ एवढंच काम. साहेबांना हसू आलं.

मोठ्या सिस्टरांनी बाह्या सारल्या, मान डावीकडे मोडली, घसा खाकरला, आणि साहेबांचं हसू तिथेच थांबलं. कारण समोर ते स्वतः उभे होते.

‘‘दिवा कुणासाठी लावलाय? माझ्या डोक्यावर उजेड पाडून काय दिसणार, केस? इकडे करा. आणि ही कोण नवीन? हिला उभं राहायला शिकवलंय का नुसतं?’’

खोली हसून लोटपोट झाली. साहेबांनी तोंड उघडलं. ‘‘सर, एक...’’

‘‘एक काय? एक ते दहा म्हणून दाखवणार? टाके दे.’’

‘‘सर, मला वाटतं...’’

‘‘तुला वाटायला ठेवलेलं नाही इथे. हात चालव.’’

हसणं आता थांबलं होतं. साहेबांना कळेना की आपल्याला काय होतंय. समोर उशी होती, खोटा खेळ होता, हातात चिठ्ठी होती. तरी डोक्यात येत होतं, आपलंच चुकलं असेल. आणखी एकदा मोजू. यांचा मूड जरा बरा झाला की सांगू. आणि हे सगळं मनात चाललं असताना त्यांच्या हाताने नसलेली सुई उचलून पुढे केली.

मोठ्या सिस्टरांनी हवेत चार टाके घातले. ‘‘झालं. शिवलं.’’

‘‘मॉप कुठे आहे?’’ बाईंनी हळू आवाजात विचारलं.

साहेबांनी चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग त्यांचा जुना ताठा मदतीला धावला. ‘‘खेळ म्हणून ठीक आहे. पण माझ्या टेबलावर अठरा वर्षांत एक मॉप आत राहिलेला नाही. एकही नाही. रेकॉर्ड काढून बघा.’’

‘‘खरं आहे,’’ मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांनी बाह्या पुन्हा खाली केल्या. आता त्या पुन्हा त्याच, कमी बोलणाऱ्या सिस्टर झाल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, ‘‘सर, माझ्या हातून ट्रे पडायचा ना, तो मी मुद्दाम टाकायचे.’’

साहेबांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

‘‘मोजणी चुकली की मुली माझ्याकडे बघायच्या. तुमचा पारा चढलेला असला की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. सांगायची हिंमत नाही आणि न सांगावं तर रोग्याचा जीव. मग मी ट्रे टाकायचे. तुम्ही माझ्यावर ओरडायचात, नवीन औजारं येईपर्यंत पाच मिनिटं जायची. तेवढ्यात मुली बादली, फरशी, चादर सगळं शोधून घ्यायच्या. शिव्या खायच्या आणि मोजायचं, दोन्ही एकदम जमत नाही हो सर. म्हणून आम्ही काम वाटून घेतलं होतं. मी शिव्या खायचे, त्या मोजायच्या.’’

‘‘किती वेळा?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘सतरा वेळा. पंधरा वेळा बाहेरच कुठेतरी सापडला.’’

‘‘आणि दोनदा?’’

‘‘दोनदा आत होता. मी म्हटलं, सर, एकदा पाणी सोडून बघता का, मला कुठेतरी रक्त दिसतंय. तुम्ही बघितलंत, तुम्हालाच मिळाला. तुम्ही म्हणालात, बघा, माझी नजर.’’

साहेबांना दोन्ही वेळा आठवल्या. त्यातल्या एका रोग्याने पुढे मुलाच्या लग्नाचं निमंत्रण आणून दिलं होतं. अठरा वर्षांचं ते रेकॉर्ड ते मिशीला पीळ भरावा तसं चारचौघांत सांगत आले होते, आणि ते उभं होतं मोठ्या सिस्टरांच्या अंगावर पडलेल्या शिव्यांवर. त्यांनी कधी ब्र काढला नव्हता. वर लोणीवाली म्हणून हसंही करून घेतलं होतं. एवढी मोठी माणसं आपल्या शेजारी उभी असतात आणि आपण त्यांना दिवा नीट धरायला सांगत असतो. त्यांनी खरोखरच हात जोडले. मोठ्या सिस्टर संकोचल्या. ‘‘असं नका करू सर. फक्त एक सांगते. शनिवारी मी चालले. सोमवारी मुलींना माझ्याकडे बघता येणार नाही.’’

संध्याकाळी बाईंनी अभिप्रायाच्या कागदावर सही केली नाही. ‘‘रडू येणं आणि सुधारणं यात फरक असतो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सोमवारी एक ऑपरेशन करा. मी कोपऱ्यात उभी राहीन. मग ठरवू तुमची पुढची ऑपरेशनं.’’ एरवी असल्या वाक्याला तीन शिट्ट्या झाल्या असत्या. साहेब ‘‘बरं’’ म्हणाले.

घरी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. पोळी त्यांच्या ताटात वाढत म्हणाली, ‘‘तुम्ही अभ्यासावरून मुलीवर चिडलात की घरात दूध उतू जायचं, आठवतं?’’

‘‘तुझं लक्ष नसायचं म्हणून.’’

‘‘माझं लक्ष असायचं म्हणून,’’ बायको म्हणाली. मुलीने मान खाली घालून हसू दाबलं. साहेबांनी हातातला घास ताटात ठेवला, आणि मुलीकडे बघून, आयुष्यात पहिल्यांदा बहुधा, ‘‘चुकलं माझं,’’ म्हटलं. मुलगी हसायची थांबली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

सोमवारी टेबलावर एक बसचालक होता. आतड्यात गाठ, वय पन्नाशीच्या पुढे. टेबलाशी आता नवी सिस्टर एकटीच उभी होती. मास्कच्या वर तिचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते डोळे साहेबांच्या हातांवरून हलत नव्हते. कोपऱ्यात बाई, हिरव्या गाऊनमध्ये आणखीच बुटक्या. अडीच तास काम सुरेख चाललं. साहेब मोजकंच बोलले. भूलतज्ज्ञाने मध्येच विचारलं, ‘‘तब्येत बरी आहे ना रे?’’

गाठ निघाली, आतडं जोडलं. साहेबांनी पोट शिवायला सुई हातात घेतली. नवी सिस्टर आणि टेबलाबाहेरून सामान पुरवणारी दुसरी सिस्टर, दोघींनी मोजायला सुरुवात केली. फळ्यावर सुरुवातीलाच वीस मॉप लिहिले होते. मोजणी संपली. नव्या सिस्टरचे डोळे सवयीने बाजूला वळले, जिथे गेल्या आठवड्यापर्यंत मोठ्या सिस्टर असायच्या. तिथे कुणी नव्हतं.

‘‘एक कमी आहे, सर,’’ ती म्हणाली. आवाज इतका बारीक की यंत्राच्या टिकटिकीत बुडाला. मग तिने श्वास घेतला आणि मोठ्याने म्हणाली, ‘‘सर, थांबा. एकोणीस आहेत.’’

साहेबांनी सुई खाली ठेवली. ‘‘परत मोजा.’’

परत एकोणीस. साहेबांनी स्वतः आत हात घालून कोपरान्‌कोपरा चाचपला. नाही. थिएटरमधल्या शिपाईमामांनी फरशी पाहिली, चादरी झटकल्या. नाही. मग एक्स-रेचं यंत्र ढकलत आणलं, कारण मॉपमध्ये एक दोरा असतो, तो एक्स-रेत दिसतो. भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघून म्हणाले, ‘‘माझ्या माणसाला मी उगाच झोपवून ठेवलंय.’’ पंचवीस मिनिटं गेली. एक्स-रेत दोरा नव्हता. पोट स्वच्छ होतं.

तेव्हा मामांनी वापरलेले मॉप चादरीवर एकेक करून पसरायला घेतले. अकराव्याला ते थांबले आणि नखाने सोलावं तसं कापड सोडवलं. रक्ताने दोन मॉप एकमेकांना चिकटले होते, इतके घट्ट की एकच वाटावा. वीस भरले. प्रत्येक मॉप उलगडून मोजायचा असतो, हा पहिल्या दिवसाचा धडा. नव्या सिस्टरने हा एक उलगडला नव्हता. चूक तिची होती, आणि ते सगळ्यांना एकाच वेळी कळलं.

साहेबांना राग आला. आला म्हणजे अगदी जुन्या थाटात आला. पंचवीस मिनिटं उघडं पोट, वाढलेली भूल, आणि कारण काय तर दोन चिकटलेली फडकी. वाक्य तर तोंडात तयारच होतं, ‘डोळे आहेत की बटणं?’ सगळे आता ते वाक्य यायची वाट पाहत होते. सामान पुरवणारी सिस्टर तर फरशीकडे बघायला लागली होती. साहेबांना मास्कच्या खाली आपली नाडी गळ्यात ठोकताना जाणवली. एकशे दहाच्या खाली नसावी, त्यांच्या मनात आलं. मोजून बघण्याइतका वेळ ते गप्प राहिले. गिळणं म्हणजे काय ते त्यांना त्या क्षणी कळलं. घास बरा, शब्द फार जड असतो.

‘‘उलगडून मोजायचे असतात,’’ ते शेवटी म्हणाले.

‘‘हो सर. चुकलं माझं.’’

‘‘चुकलंत. पण पुढच्या वेळीही असंच सांगा. शंभर वेळा चुकलात तर शंभर वेळा सांगा. मी शंभर वेळा थांबेन.’’ मग त्यांना वाटलं, हे जरा जास्तच गोड झालं, म्हणून पुढे म्हणाले, ‘‘कुरकुर करेन. पण थांबेन.’’

भूलतज्ज्ञ मास्कमध्ये खोकल्यासारखे हसले. नव्या सिस्टरने सुई पुढे केली. साहेबांनी शिवायला घेतलं. पहिला थर झाला, दुसरा सुरू झाला. कोपऱ्यातल्या बाई केव्हा निघून गेल्या ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सही केलेला कागद त्या अधीक्षकांच्या टेबलावर ठेवून गेल्या होत्या, पण साहेबांना ते दुपारी कळायचं होतं.

त्यांना आत्ता कळलं ते वेगळंच. तिसऱ्या टाक्याला नवी सिस्टर म्हणाली, अगदी साध्या आवाजात, जसं घरात कुणी कुणाला सांगावं तसं, ‘‘सर, तुमचा डावा हातमोजा अंगठ्याजवळ फाटलाय.’’

साहेबांनी बघितलं. फाटला होता. बारीकशी चीर, त्यांच्या नजरेला कधी दिसली नसती. हे असलं त्यांना अठरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे त्यांचे हातमोजे अठरा वर्षांत कधी फाटलेच नव्हते, असं काही नव्हतं.

त्यांनी हात टेबलापासून दूर घेतला आणि हातमोजा बदलून घेण्यासाठी तिच्यापुढे धरला.